सव्वानऊचा सूर्य

“हलू नका.”

असं म्हणताना ते डावा हात पुढे करायचे आणि तळवा सावकाश खाली आणायचे. समोर बसलेल्या माणसाला नव्हे, मधल्या हवेलाच ते खाली बसवत आहेत असं वाटायचं. हिंगोलीत ज्याने कधी कुठला फॉर्म भरला असेल, त्याने हा हात पाहिलेला असणार. पासपोर्ट साइजच्या फोटोत आपण सगळेच थोडे धाक घातल्यासारखे दिसतो, त्याचं एक कारण हा हात होता.

सगळे त्यांना मामा म्हणत. मीही म्हणायचो. आमची घरं लागून, दोन्ही गच्च्यांच्या मध्ये कमरेएवढा कठडा. मी मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडतीवर हिशेब लिहितो, म्हणून ते मला ‘हिशेबवाले’ म्हणत. माझं नाव त्यांनी कधी घेतल्याचं आठवत नाही. मी इथे पाहिलेलं आणि ऐकलेलं तेवढंच लिहितो आहे. जिथे अंदाज आहे तिथे अंदाज म्हणेन.

बसस्टँडच्या बाजूला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, सगळं त्यांनी केलं. त्यातलं त्यांचं खास काम म्हणजे गेलेल्या माणसाचा फोटो. घरच्यांकडे असायचा एखादा लग्नातला घोळक्याचा फोटो, तोही पुसट. मामा त्यातून त्या माणसाला बाहेर काढायचे, डोक्याला पांढरी टोपी बसवायचे, शर्टाची उघडी गुंडी लावायचे. डोळे मिटलेले असतील तर उघडून द्यायचे. “ज्याचे जितेपणी उघडले न्हाईत, त्याचेबी म्या उघडले,” असं ते म्हणायचे, आणि मामी आतून ओरडायच्या, “मेलेल्यायची टिंगल करून राहिले व्हय?”

मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. लग्नाची कामं गेली. मामांनी त्याबद्दल तक्रार केलेली मी ऐकली नाही. सेनगावच्या एका लग्नात वरात यायला उशीर होता, तेव्हा बसून काय करायचं म्हणून त्यांनी लांबची लेन्स चंद्रावर लावली. तिथून हे सुरू झालं. पुढे दुर्बीण आली, तिला कॅमेरा जोडायची कडी आली, कॉम्प्युटर आला. स्टुडिओच्या भिंतीवर नवऱ्या मुलींच्या फोटोंमध्ये एक चंद्र लागला, एक कडीवाला शनी लागला. नरसीच्या बाजूला पाहुण्यांच्या शेतात जाऊन काढलेली एक दीर्घिकाही लागली. दीर्घिका म्हणजे असंख्य ताऱ्यांचं गाव. फोटोत ती धुरकट, तिरकी, मध्ये उजेड असलेली दिसते.

सेनगावकडचे एक म्हातारबाबा फोटो काढायला आले होते. मी तिथेच बसलेलो होतो. ते भिंतीवरच्या नवऱ्या बघत बघत त्या दीर्घिकेपाशी थांबले.

“ही पोरगी हलली का काय?”

“व्हय बाबा,” मामा म्हणाले. “लय जोरात हलली. आता तुमी हलू नका.”

सूर्याचं काम दिवसाचं. दुर्बिणीच्या तोंडावर सूर्यासाठीची खास काळी फिल्म लावायची, आणि डोळा न लावता कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघायचं. डोळा लावायचाच नाही, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम डागांचा. सूर्यावर काळे डाग असतात आणि सूर्य स्वतःभोवती फिरतो, म्हणून ते दिवसागणिक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकतात. मामांनी मला ओळीने काही दिवसांचे फोटो दाखवले होते. “जागा सोडली तर डाग सूर्याचा,” ते म्हणाले, “आन जागा सोडली न्हाई तर काचंवरची धूळ. फडकं घ्यायचं, पुसायचं.” हा नियम मला पटला. आमच्या हिशेबातही असंच असतं. एकच चूक रोज त्याच जागी येत असेल तर ती काट्याची चूक असते, मालाची नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या आठाबद्दल.

एक दिवस माझ्या स्कूटरच्या धुळकट सीटवर त्यांनी बोटाने आठ काढला. आपला मराठी आठ नव्हे, इंग्रजी, दोन वाटोळ्यांचा. एक वाटोळं मोठं, एक लहान. म्हणाले, “हिशेबवाले, कॅमेरा एकाच जागी ठेवला, आन घड्याळात रोज तीच वेळ धरून वर्षभर सूर्याचे फोटो काढले, तर सगळे सूर्य मिळून काय होईल?”

मी म्हणालो, “सरळ रेघ. उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात खाली.”

“सगळे असंच म्हणतात.” त्यांनी सीटवरच्या आठावर बोट ठेवलं. “ह्ये होतं.”

पृथ्वी कललेली आहे आणि तिची चाल सारखी नाही, त्यामुळे सूर्य कधी घड्याळाच्या पुढे असतो, कधी मागे. हे मी नंतर ताडून पाहिलं. बरोबर होतं.

त्यांनी सव्वानऊची वेळ धरली, कारण दहाला स्टुडिओ उघडायचा असे. गच्चीच्या पूर्वेकडच्या कठड्यावर सिमेंटमध्ये एक लोखंडी पत्रा बसवला, त्याला खुंट्या. लग्नातला जुना कॅमेरा त्या खुंट्यांत बसला की दरवेळी त्याच जागी बसायचा. आठवड्यातून एकदा फिल्म लावून सूर्याचा एक फोटो. लगेच फिल्म काढून तसाच दुसरा, त्यात समोरची घरं आणि पलीकडच्या गच्चीवरची काळी पाण्याची टाकी दिसायची. टाकीची कड फोटोत ठरलेल्या जागी आली, म्हणजे कॅमेरा हलला नाही. ती कड जुळली तरच तो सूर्य आठात घ्यायचा.

“माझे पापड कुठं वाळवायचे?” मामींचा एकच प्रश्न होता.

“बाकी सगळी गच्ची तुझी,” मामा म्हणाले. “येवढी वीतभर सूर्याची.”

पहिल्या वर्षी दसऱ्यापासून मृगापर्यंत काम सुरळीत झालं. मोठं वाटोळं जवळजवळ भरलं, लहान वाटोळ्याची एक बाजू भरली. मग आभाळ भरलं. आपल्याकडे आषाढ-श्रावणात सव्वानऊला सूर्य दिसणं म्हणजे दिसला तर दिसला. लहान वाटोळ्याची दुसरी बाजू नेमकी त्याच दिवसांतली. ती उघडी राहिली. मामा म्हणाले की कॅमेरा हलला नसेल तर पुढच्या वर्षी त्याच तारखेला सूर्य त्याच जागी येतो, तेव्हा पुढच्या वर्षी भरू. दुसऱ्या पावसाळ्यात थोडे भरले. तिसऱ्यात आणखी थोडे. चौथा पावसाळा येईपर्यंत एकच जागा राहिली होती, जुलैच्या मधली.

तो चौथा पावसाळा यायच्या आधी, उन्हाळ्यात, त्यांनी मला कठड्यावरून हाक मारली. दुर्बीण लावलेली होती. कॉम्प्युटरवर सूर्याचा फोटो उघडा होता.

“हिशेबवाले, ह्यो डाग बघा. चार दिवस झाले, जागाच सोडून राहिला न्हाई. काच पुसली, फिल्म बदलली. जातच न्हाई.”

मी बघितलं. डाव्या कडेला दोन बारीक डाग होते. तसं म्हणालो.

“ते न्हाई. ह्यो, बराबर मधी. मोठा.”

मध्ये काही नव्हतं. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि तसं सांगितलं. त्यांना राग आला. “काहून दिसंना तुमाला? येवढा…” असं म्हणत ते माझ्याकडे वळले आणि बोलता बोलता थांबले. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग मान थोडी उजवीकडे केली, थोडी डावीकडे.

“तुमच्या नाकावर बी हाय,” ते म्हणाले.

त्यांनी हातातलं फडकं घडी करून खिशात ठेवलं.

नांदेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की साखरेने पडदा खराब झाला आहे, दोन्ही डोळ्यांचा, मधोमध. इंजेक्शनं दिली. थोडा उपयोग झाला, फार नाही. कडेचं दिसायचं, समोरचं जायचं. डॉक्टरांनी हेही स्पष्ट सांगितलं की याचा सूर्याशी संबंध नाही. मी सोबत होतो, मी ऐकलं आहे. पण आपल्या गावाने काय ठरवलं ते तुम्हाला माहीत असेल. चहाच्या टपरीवर, कटिंगच्या दुकानात, सगळीकडे एकच: सूर्याकडं बघून बघून मामानं डोळे घालवले.

मामांना डोळे गेल्यापेक्षा हे जास्त लागलं, असा माझा अंदाज आहे. “म्या त्याच्याकडं कधी बघितलंच न्हाई,” ते एकदाच म्हणाले. “जल्मभर त्याचा फोटो बघितला. साखर म्या खाल्ली, नाव त्याचं.”

स्टुडिओ ते उघडत राहिले. समोर बसलेल्याच्या कानाच्या बाजूला बघायचे, म्हणजे त्यांना चेहरा दिसायचा. नवीन गिऱ्हाईक मागे वळून बघायचं, मागे कोण उभं आहे म्हणून.

“हलू नका. तुमच्याकडंच बघून राहिलो.”

जुलै आला. मामा मला म्हणाले, “डोळे तुमचे, बोट माझं.” मी हो म्हणालो. आडतीवर मला दहाला जायचं असतं, त्यामुळे अडचण नव्हती. रोज नऊच्या सुमाराला मी कठडा ओलांडून जायचो. मामा कॅमेरा खुंट्यांत बसवायचे, हाताने चाचपून, माझ्यापेक्षा नीट. मग आम्ही आभाळाकडे तोंड करून बसायचो. पाऊस असेल तर मामी छत्री धरायच्या, कॅमेऱ्यावर.

“माझ्यावर कधी धरली का छत्री, इचारा बरं ह्यायला,” त्या मला म्हणायच्या.

“तू काय खराब होणार हायस,” मामा म्हणायचे.

ती जागा भरायला मोजके दिवस मिळतात. तारीख पुढे गेली की सूर्य पुढे गेला. मामा मला खरं तर मदत करू देत नसत. फक्त विचारायचे, “कसं हाय?” मी सांगायचो, ढग जाड आहे, पातळ आहे, डावीकडे फाटला आहे. बाकीचा वेळ ते काच पुसत असायचे. लेन्सच्या तोंडावर फडकं गोल गोल फिरवायचे, थांबायचे, मान तिरकी करून बघायचे, पुन्हा पुसायचे. डाग कुठे आहे हे त्यांना माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

एका सकाळी ढग फाटला. घड्याळात सव्वानऊला अगदी थोडं कमी होतं. सूर्य पूर्ण बाहेर आला, ओला, नुकता धुतल्यासारखा.

“निघाला,” मी म्हणालो.

मामांनी डावा हात आभाळाकडे केला आणि तळवा सावकाश खाली आणला. “हलू नका,” ते सूर्याला म्हणाले, आणि वेळ होताच उजव्या हाताने बटण दाबलं. मग फिल्म काढली, दुसरा फोटो काढला. मामींनी छत्री मिटली. “झालं का? झालं का एकदाचं?” मामा हसले. त्यांचे सगळे दात दिसले. मी त्यांना असं हसताना त्याआधी बघितलं नव्हतं.

खाली येऊन मी कॉम्प्युटरवर फोटो उघडले. सूर्य छान आला होता. मग दुसरा फोटो, टाकीचा. टाकीची कड आधीच्या रेघेवर बसेना. मी मोठं करून बघितलं, पुन्हा लावून बघितलं. कड सरकलेली होती.

मी वर गेलो. कॅमेरा काढून पत्रा बघितला. एका बाजूला तो जरासा वाकला होता. काच पुसताना मामा कोपराने पत्र्यावर भार टाकत होते, रोज.

मामा खाली खुर्चीत बसले होते. मामींनी साखर न घालता चहा केला होता. मी सांगितलं. आमच्या धंद्यात जे काट्यावर दिसतं ते सांगावं लागतं, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. मला दुसरं काही सुचलंही नाही.

“किती?” त्यांनी विचारलं.

“पडद्यावर बोटाची जाडी. पण मामा, टाकीची कड दिसते आहे. तेवढंच उलटं सरकवून सूर्य जागेवर बसवता येईल. हिशेबाने बसेल.”

“बसंल,” ते म्हणाले.

मामी म्हणाल्या, “मंग बसवा की. चार वर्सं झाली. एक सूर्य सरकवला तर कोन बघनार हाय?”

मामांनी चहाचा घोट घेतला. मग म्हणाले, “म्या लोकायचे मुरूम काढले. टक्कल झाकलं. मेलेल्यायला टोप्या बसवल्या, डोळे उघडून देले. जे मांगितलं ते देलं. ह्यो एकच फोटो हाय ज्याला म्या हात लावला न्हाई.” त्यांनी कप खाली ठेवला. “ऱ्हाऊ द्या. पुढच्या वर्सी पत्रा सरळ करू, टाकीची कड जुळली की मंग काढू.”

“अन् कोन बघनार त्ये?” मामींनी पुन्हा विचारलं.

“हिशेबवाले बघतील की,” ते म्हणाले, आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, म्हणजे माझ्याकडे.

त्या आठवड्यात मी आणि एक वेल्डर मिळून पत्रा सरळ केला. टाकीची कड जुळायला दोन दिवस लागले. तोपर्यंत ढग परत आले होते आणि तारीख निघून गेली होती. मामांनी आठ होता तसा छापून घेतला. सकाळच्या वेळेमुळे तिरका पडलेला, लहान वाटोळ्यात एका सूर्याची जागा मोकळी. तो फोटो त्यांनी दीर्घिकेच्या शेजारी लावला. लोक विचारायचे, हे कशाचे मणी आहेत? एक तुटलेला दिसतो. मामा म्हणायचे, “तुटला न्हाई. यायचा हाय.”

ते गेले संक्रांतीच्या आधी. साखरेने मूत्रपिंडं गेली होती, नांदेडच्या खेपा चालू होत्या. शेवटच्या खेपेला मी नव्हतो, आडतीवर तुरीची आवक सुरू झाली होती. बातमी कळली तेव्हा मी बेरीज करत होतो. ती पूर्ण केली, मग उठलो. बरोबर आली होती. त्या दिवशी मला काय वाटलं ते मी नंतर आठवून पाहिलं. काही सापडलं नाही.

दहाव्याला ठेवलेल्या फोटोत ते थेट समोर बघत होते. मला ओळखू यायला क्षणभर लागला.

पुण्यात राहणारा त्यांचा मुलगा आला, त्याने स्टुडिओ भाड्याने दिला. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. दुर्बीण आणि कॅमेरा त्याने नेला. भिंतीवरचे फोटो एका खोक्यात घरी आले. आठ तेवढा मामींनी ठेवून घेतला, देवघराच्या बाजूला. कठड्यावरचा पत्रा मुलाने काढायचा प्रयत्न केला होता, पण सिमेंट पक्कं होतं. मामींनी त्याला म्हटलं, असू दे. त्यांचे पापड आता पूर्ण गच्चीवर असतात. तेवढी वीतभर जागा त्या सोडतात.

यंदाचा जुलै नेहमीसारखा होता. आठवडाभर सूर्य दिसला नव्हता. मी सकाळी आमच्या टाकीत पाणी चढलं का ते बघायला गच्चीवर गेलो होतो. मला तारीख लक्षात होती, ते खोटं सांगत नाही. पण मी त्यासाठी गेलो नव्हतो. पलीकडे मामी दोरीवरचे कपडे काढत होत्या, कारण आभाळ परत खाली आलं होतं.

मग डावीकडे ढग फाटला. ऊन आधी पलीकडच्या काळ्या टाकीवर आलं, मग त्यांच्या कठड्यावर, मग त्या पत्र्यावर.

“निघाला, भाऊ,” मामी म्हणाल्या.

मी घड्याळ बघितलं. बघायची गरज नव्हती. पत्र्यावरच्या रिकाम्या खुंट्यांच्या सावल्या सिमेंटवर पडल्या होत्या. मामींच्या हातात ओली चादर होती, तिचं पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होतं. त्या हलल्या नाहीत. मीही हललो नाही.

थोड्या वेळाने ढग मिटला.